चिंपांझींच्या दगडी अवजारांची नोंद कशी ठेवावी: ऐरण शोधण्यापासून घाव मोजण्यापर्यंत

चिंपांझीने दगड उचलला, कवच फोडलं, गर खाल्ला. एवढ्याच नोंदीवरून त्याच्या बुद्धीबद्दल काहीच सांगता येत नाही. दगड कुठून आणला, मध्येच बदलला का, घाव घालताना फळ फिरवलं का, किती घाव वाया गेले, हे लिहिलेलं असेल तर ती नोंद उपयोगी. खालची पद्धत आयव्हरी कोस्टमधलं ताईचं जंगल आणि गिनीतलं बोसू या दोन ठिकाणांना धरून आहे. दगडाने कठीण कवचाची फळं फोडण्याचा सर्वांत बारकाईचा अभ्यास तिथेच झाला आहे.

आधी अंतराचं बघू. माणसांना सवयलेल्या गटापासून किमान 7 मीटर, जमेल तिथे 10 मीटर लांब राहायचं आणि मास्क लावायचाच. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जंगलात जायचं नाही. ताईमधल्या चिंपांझींमध्ये माणसांचे श्वसनविषाणू शिरून मृत्यू झाले आहेत, आणि 2003 मध्ये बोसूच्या छोट्याशा गटातले 5 चिंपांझी श्वसनविकाराच्या साथीत गेले.

ऐरण ओळखणे

ज्यावर फळ ठेवून फोडतात ती ऐरण, आणि ज्या दगडाने किंवा दांडक्याने घाव घालतात तो हातोडा. ताईत ऐरण म्हणजे बहुधा जमिनीवर आलेलं झाडाचं जाड मूळ, क्वचित दगड. वर्षानुवर्षं घाव बसून मुळात उखळासारखा खळगा पडलेला असतो. खळगा, आजूबाजूला फुटक्या कवचांचा सडा आणि हातभर अंतरावर हातोडा, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तरच ‘ऐरण’ म्हणून नोंद करा. नुसत्या कवचांवर विश्वास ठेवू नका. उंदीर-खारींनी कुरतडलेल्या कवचाच्या कडेला दातांचे बारीक समांतर ओरखडे असतात. घावाने फुटलेल्या कवचाची कड वेडीवाकडी आणि धारदार असते. माणसंही जंगलात ही फळं फोडतात, तेव्हा कोयत्याचे वार, कोळसा, जवळची पायवाट हे तपासा.

फळ कोणतं आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. ‘कूला’ नावाच्या झाडाच्या फळात एकच गर असतो. हंगाम साधारण नोव्हेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत. त्याला लाकडी दांडकंही पुरतं, आणि चिंपांझी ते झाडावरच, फांदीची ऐरण करूनही फोडतात. ‘पांडा’ नावाच्या झाडाचं फळ (अस्वलाशी संबंध नाही) फार कठीण. त्यात 3-4 गर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, त्यामुळे प्रत्येक गरासाठी फळ फिरवून पुन्हा बसवावं लागतं, आणि हातोडा कित्येक किलोंचा दगडच लागतो. पांडाच्या कवचांशेजारी फक्त लाकडी दांडकं दिसलं, तर खरा हातोडा आसपास पडलेला असणार. तो शोधा.

मोजमाप

सोबत मोजपट्टी, व्हर्नियर कॅलिपर, 20 किलोपर्यंतचा लटकवायचा काटा, जीपीएस आणि मोजखुणांचं कार्ड ठेवा. क्रम असा:

1. काहीही हलवण्याआधी वरून आणि बाजूने फोटो. कार्ड चौकटीत हवंच.
2. हातोड्याची लांबी, रुंदी, जाडी, वजन आणि दगडाचा प्रकार.
3. खळग्याची खोली आणि व्यास.
4. हातोड्याच्याच प्रकारचा दगड जवळपास नैसर्गिकरीत्या सापडतो का, सापडत असेल तर किती अंतरावर.
5. दगड होता तिथेच, होता तसाच परत ठेवा.

चौथी पायरी घाईत राहून जाते, आणि तीच सर्वांत मोलाची. ताईच्या जंगलात चांगले दगड कमी. चिंपांझी ते एका ऐरणीपासून नजरेच्या टप्प्याबाहेरच्या दुसऱ्या ऐरणीकडे वाहून नेतात. कुठे काय ठेवलं हे लक्षात असल्याशिवाय ते जमत नाही. पाचवी पायरी चुकली, आठवण म्हणून दगड पिशवीत टाकला, तर त्या जागेचं वागणंच तुम्ही बदललंत.

आणखी एक सापळा म्हणजे दगडाचे छिलके. धारदार छिलका दिसला की हेतुपुरस्सर घडवलेलं हत्यार समजण्याचा मोह होतो. थायलंडमधली लांब शेपटीची माकडं ऑइल पामची फळं फोडताना घाव चुकून असे छिलके सहज पाडतात आणि तसेच टाकून जातात.

कॅमेरा

हालचाल झाली की आपोआप सुरू होणारा कॅमेरा ऐरणीपासून 3 ते 5 मीटरवर, जमिनीपासून साधारण 1 मीटर उंचीवर बांधा. फोटो नको, 60 सेकंदांचा व्हिडिओ ठेवा, दोन चित्रणांमधला विराम शक्य तितका कमी. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, नाहीतर सकाळ-संध्याकाळच्या उन्हात चित्र पांढरं पडतं. समोरचं हलणारं गवत तेवढं कापा, ऐरणीभोवतीचा कचरा साफ करू नका. पिल्लं कॅमेऱ्याला हात लावतात, काठीने ढोसतात, म्हणून पट्टा घट्ट. पहिल्या काही दिवसांचं वागणं बुजलेलं असू शकतं, ते वेगळं काढून ठेवा.

व्हिडिओतून मोजणी

एक ‘डाव’ म्हणजे फळ ऐरणीवर ठेवल्यापासून गर खाईपर्यंत किंवा फळ सोडून देईपर्यंत. प्रत्येक डावाला एक ओळ: प्राणी, वय-गट, हात, हातोडा, घावांची संख्या, फळ किती वेळा फिरवलं, निकाल. निकालाचे चारच प्रकार पुरे: गर अख्खा, गर चुरडलेला, अर्धवट, फसलं. फसलेले डाव गाळले की आकडे सुंदर दिसतात आणि निरुपयोगी होतात.

हाताचा रकाना विसरू नका. बोसूमध्ये एकेक प्राणी हातोड्यासाठी जवळजवळ नेहमी तोच हात वापरतो. कोणी डावखुरा, कोणी उजवा. मध्येच हात बदललेला दिसला तर आधी ओळख चुकली का ते पाहा.

बोसूत क्वचित ऐरणीखाली दुसरा दगड पाचरीसारखा आढळतो, त्यामुळे वरचा पृष्ठभाग सपाट राहतो. अवजार नीट बसावं म्हणून आणखी एक अवजार! पण दगड आधीपासून तिथे होता की चिंपांझीने सरकवला, हे चित्रणात दिसलं तरच ‘पाचर’ लिहा. नुसती मांडणी पाहून ते ठरवता येत नाही.

पिल्लांसाठी वेगळा तक्ता करा. लहानगं फळ हाताने आपटतं, रिकाम्या ऐरणीवर दगड मारतं, आईच्या ऐरणीवरचा गर पळवतं. फळ, ऐरण, हातोडा यांचा मेळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या वर्षात बसतो. त्या वयात नाही जमलं तर पुढे सहसा जमत नाही. म्हणून प्रौढ ‘न फोडणारा’ दिसला तर त्याला मठ्ठ ठरवू नका.

सुमारे दहा-वीस टक्के चित्रणं दोघांनी स्वतंत्रपणे मोजावीत. कोहेनचा कप्पा (दोघांच्या नोंदी किती जुळतात याचं माप, 1 म्हणजे पूर्ण जुळणी) 0.8 च्या खाली आला तर व्याख्या सैल आहेत असं समजा. भांडण बहुधा ‘घाव’ कशाला म्हणायचं यावरून होतं. हलकी टपली घाव धरायची की नाही ते आधीच लिहून ठेवा.

निष्कर्ष काढताना

दोन गटांतला फरक म्हणजे बुद्धीतला फरक नव्हे. युगांडात केलेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ओंडक्याला भोक पाडून त्यात मध भरला होता. किबाले जंगलातल्या कान्यावारा गटाने काडी वापरली, बुडोंगो जंगलातल्या सोन्सो गटाने पानं चावून त्यांचा बोळा. अडचण एकच होती, सवयी वेगळ्या. बोसूपासून काही किलोमीटरवरच्या सेरिंगबारा गटाला तर फळं आणि दगड आयते मांडून दिले, तरी त्यांनी फोडली नाहीत. म्हणून ‘अमुक गट फोडत नाही’ असं लिहिण्याआधी त्या भागात फळ आहे का, दगड आहेत का, फोडणारा शेजारी गट आहे का, हे तिन्ही रकाने भरा. त्यातला एक जरी रिकामा असेल तर त्या गटाची नोंद ‘अपूर्ण’ म्हणून बाजूला ठेवा.