क्यूबचा सिम्युलेटर: आधी चाली तपासा, रंग नंतर भरा

३×३ रुबिक क्यूबचा सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर फिरवता येणारा क्यूब, लिहायला घेतला की हात पहिल्यांदा थ्रीडी चित्राकडे जातो. तो आवरा. आधी चार याद्या करा: ८ कोपऱ्यांच्या जागा, त्यांचा पीळ, म्हणजे कोपरा जागच्या जागी किती वळलाय (०, १, २), १२ कडांच्या जागा आणि त्या उलटल्यात का (०, १). प्रत्येक बाजूच्या मधोमध असलेले ६ तुकडे धरायचे नाहीत.

प्रत्येक चालीचा तक्ता 'या जागी कुठला तुकडा येतो' असा लिहा. 'आर' चालीत (उजवी बाजू घड्याळाच्या दिशेने पाव फेरा) उजव्या कोपऱ्यांना वर-पुढे २, वर-मागे १, खाली-मागे २, खाली-पुढे १ असा पीळ बसतो. 'यू' (वरची बाजू) आणि 'डी' (खालची) पीळ देत नाहीत. कडा फक्त 'एफ' (पुढची बाजू) आणि 'बी' (मागची) यांमुळे उलटतात. तुकडा जिथून आला तिथला पीळ अधिक तक्त्यातला पीळ, त्याला ३ ने भागून उरलेली बाकी म्हणजे नवा पीळ. उत्तर नव्या यादीत लिहा. जुन्यावरच लिहिलं तर एक तुकडा दोनदा दिसतो आणि दुसरा गायब होतो.

आता चाचण्या. 'आर यू' ही जोडी १०५ वेळा केल्यावर क्यूब पहिल्यांदा सुटलेला दिसायला हवा. ३५ लाच सुटला तर पीळ मिळवायचा राहिलाय. पण सगळे तक्ते उलट दिशेच्या फिरवण्याचे असले तरी १०५ च येतात, त्यामुळे एवढ्यावर खूश होऊ नका. वर पांढरा, पुढे हिरवा धरून एकदाच 'आर' करा: हिरवा उजवा स्तंभ वर गेला पाहिजे. मग सुटलेल्या क्यूबवर एकदा 'आर यू' करा. वर-उजवा-पुढचा कोपरा आपल्याच जागी, पण पिळलेला हवा. तिथे त्याच्या खालचा कोपरा आला, तर चाली उलट क्रमाने जोडल्या जाताहेत. कडांसाठी 'एफ, यू उलट (घड्याळाच्या विरुद्ध), आर, यू': वर-पुढची कड जागेवरच उलटते.

स्क्रॅम्बलसाठी, म्हणजे क्यूब विस्कटण्यासाठी, तुकडे स्वैर टाकू नका. तशा मांडणीत बारातली एकच सुटते. पिळांची बेरीज ३ ने भागली जावी, उलट्या कडा सम असाव्यात, आणि कोपऱ्यांच्या व कडांच्या अदलाबदली दोन्ही सम किंवा दोन्ही विषम हव्यात. साधा उपाय: २५ स्वैर चाली, एकच बाजू लागोपाठ न घेता.

कीबोर्डवर आय-के ला 'आर' सुलट-उलट, जे-एफ ला 'यू' सुलट-उलट द्या. सरावलेल्यांची बोटं तिथेच जातात. आणि ॲनिमेशन चालू असताना दाबलेली कळ रांगेत ठेवा, टाकून दिली तर भराभर सोडवणाऱ्याच्या चाली गळतात.