परदेशी पाहुण्याच्या हाती दुचाकी देण्यापूर्वी

योगाभ्यासासाठी, शिक्षणासाठी किंवा चाकणच्या कारखान्यांतील कामासाठी पुण्यात आलेले परदेशी पाहुणे थोडे रुळले की दुचाकीची चौकशी करू लागतात. सिंहगड किंवा ताम्हिणी घाट आपल्या सोयीने पाहावा, ही त्यांची इच्छा रास्त आहे. अशा वेळी घरमालक किंवा सहकारी या नात्याने आपण त्यांना बहुधा लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीची भीती घालतो. माझ्या मते हा सल्ला अपुरा आहे. गर्दीत वेग कमी असतो आणि पुढच्या वाहनामागे चालत राहिले की रस्त्याची डावी बाजू चुकत नाही. जिवावर बेतणाऱ्या चुका मोकळ्या रस्त्यावर होतात, आणि पाहुण्याची तयारी करून घ्यायची ती त्यासाठी.

आधी कागदपत्रे पाहावीत. पाहुण्याकडे स्वतःच्या देशाचा मूळ परवाना आणि १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार त्याच देशात काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, असे दोन्ही हवेत. आंतरराष्ट्रीय परवान्यावर मोटारसायकलीच्या ‘ए’ वर्गापुढे शिक्का आहे का, हे उघडून तपासावे, कारण केवळ मोटारीच्या ‘बी’ वर्गाचा शिक्का दुचाकीला चालत नाही. परवाना नसलेल्या व्यक्तीला गाडी चालवू दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० नुसार मालकही दोषी ठरतो. त्यासाठी ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळते, पण अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न बिकट होतो. पाहुण्याच्या प्रवास विम्यात दुचाकी चालवणे समाविष्ट आहे का, हेही त्यांना निघण्यापूर्वी वाचायला सांगावे.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेत आणि युरोपातील बहुतेक देशांत वाहने उजवीकडून चालतात. तिथून आलेला चालक दिवसा रहदारीत आपल्या बरोबर डावीकडून चालतो. परंतु पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा चहासाठी थांबून पुन्हा निघताना समोर एकही वाहन नसले, की शरीर जुन्या सवयीने त्याला उजवीकडे नेते. उजवे वळण तर विशेष फसवे आहे: त्याच्या देशात ते जवळचे, कडेकडेने घ्यायचे वळण असते, आणि इथे समोरून येणारी वाहने ओलांडून पलीकडच्या मार्गिकेत जावे लागते. म्हणून डाव्या आरशाखाली बाणाची चिकटपट्टी लावावी आणि प्रत्येक थांब्यानंतर निघताना ‘डावीकडे’ असे मोठ्याने म्हणण्याची सवय लावावी. रस्त्यात शिरताना वाहन आधी उजवीकडून येते, हे सांगावेच. मात्र पुण्यात दुभाजकाच्या कडेने राँग साइडने येणारेही असतात, त्यामुळे डावीकडेही पाहिल्याशिवाय गाडी पुढे काढू देऊ नये.

सराव भरपूर उजेडात आणि मध्यम रहदारीत घ्यावा. आधी आपण पुढे चालावे व पाहुण्याने मागून यावे. मग त्याला पुढे घालून आपण मागे राहावे. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकदिशा असल्याने बाजूची सवय तिथे होत नाही. दुहेरी वाहतुकीचा, दुभाजक नसलेला रस्ता निवडणे अधिक उपयोगाचे ठरते.

दिवे आणि हॉर्न यांची इथली भाषा समजावून द्यावी. समोरच्या वाहनाने दिवा चमकवला तर युरोपात अनेकदा ‘तुम्ही आधी जा’ असा अर्थ घेतला जातो. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतो आहे, थांबा’ असा होतो, आणि हा गैरसमज थेट समोरासमोरच्या धडकेत संपू शकतो. महामार्गावर ट्रकचालक उजवा इंडिकेटर कधी ‘पुढे जा’ म्हणून देतात, तर कधी खरोखर वळण्यासाठी. त्यामुळे केवळ इंडिकेटरवर विसंबून ओव्हरटेक करू नये.

जूनमधील पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र होऊन पातळ थर तयार होतो. चेंबरची लोखंडी झाकणे आणि झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे अधिकच निसरडे होतात. त्यांवर ब्रेक दाबू नये आणि गाडी झुकवू नये. रंग न दिलेले गतिरोधकही पाहुण्याला अनपेक्षित असतात.

शहराबाहेर पडताना नकाशाच्या अ‍ॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडून द्यावा, कारण पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. लोणावळ्याला जुन्या महामार्गानेच जावे लागते. साताऱ्याकडून परतताना नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तीव्र उतार मला सर्वांत काळजीचा वाटतो. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलवर सोडलेल्या अवजड वाहनांचे ब्रेक तिथे निकामी होतात, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका ट्रकने एकामागून एक अनेक वाहनांना धडक दिली होती. मागून येणाऱ्या अशा ट्रकपुढे दुचाकीस्वाराचे कौशल्य फारसे कामी येत नाही. म्हणून शक्यतो उजेडात शिंदेवाडीहून जुन्या कात्रज घाटाने यावे. महामार्गानेच यायचे असेल तर दोन अवजड वाहनांच्या मध्ये राहू नये, आरशात सतत पाहावे आणि फोनसाठी कडेला थांबू नये. कोणत्याही घाटात ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी.

हेल्मेट चालकाला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही कायद्याने आवश्यक आहे. पुण्यात हेल्मेटसक्तीला विरोध झाला, पण पाहुण्याला आपले पाहून ‘इथे चालते’ असे वाटू देणे योग्य नाही. आयएसआय चिन्हाचे, त्याच्या डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट त्याला घेऊन द्यावे. घरात पडलेले जुने, सैल हेल्मेट पुढे करू नये.

अपघात झालाच तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक पाहुण्याच्या फोनमध्ये आधीच साठवलेले असावेत. श्वास अडत नसेल तर जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये. मदत करणाऱ्याला कायद्याच्या कलम १३४अ नुसार संरक्षण आहे, हे आपणही ध्यानात ठेवून थांबावे. पारपत्र, व्हिसा व विमापत्र यांच्या प्रती आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी पाहुण्याच्या खिशात असावी, व तिच्यावर आपला दूरध्वनी क्रमांक मराठीत लिहून द्यावा.