मेंदीच्या तुऱ्यातून माथेरानचं जांभूळ
माझ्या मॉडेल रेल्वेवर माथेरानचा घाट आहे आणि तिथली झाडं मी कुंपणाच्या मेंदीपासून करतो. बिया झडलेले तुरे कापा. काडीकाडीला केसाएवढे फाटे असतात, ते तारेला कधीच जमत नाहीत. आठवडाभर सावलीत उलटे टांगाच. ओल राहिली की बुरशी धरते, माझी पहिली अख्खी रांग तशीच गेली. प्रमाण १:८७, म्हणजे १५ मीटरच्या जांभळाला १७ सेंटिमीटर पुरे. तीन-चार तुरे दोऱ्याने बांधून खोड करा, राखाडी रंगवा. फांद्या पातळ फेविकॉलमध्ये बुडवून झटका आणि मिक्सरमध्ये बारीक केलेला, हिरवा रंगवलेला स्पंज चाळणीने भुरभुरवा. आत गडद, शेंड्याला पोपटी. मधेमधे आभाळ दिसू द्या.