मिनेसोटातली शेवंती का टिकत नाही? या चुका टाळा

सप्टेंबर लागला की मिनियापोलिसच्या दुकानांबाहेर गच्च फुललेल्या शेवंतीच्या कुंड्या मांडल्या जातात. गौरी-गणपतीच्या सुमारास त्या घरी येतात, महिनाअखेरीला जमिनीत लागतात आणि मे महिन्यात तिथे नुसत्या वाळक्या काड्या उरतात. बोल थंडीला लावला जातो. चूक बहुतेक वेळा तारखांची असते.

झोन पाहिला, बहर पाहिला नाही

लेबलवर ‘झोन 4’ (झाड किती थंडी सोसेल ते सांगणारा हवामान-पट्टा) असेल तर मुळं उणे 29 ते उणे 34 अंश सेल्सियसचा हिवाळा काढतील, एवढंच कळतं. फुलं कधी येतील ते त्यात नसतं. इथल्या उपनगरांत पहिला फ्रॉस्ट (पानांवर गोठणारं दव) सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीही पडतो. उणे 2 अंशांची एखादी रात्र शेवंती सोसते. उणे 4 च्या खाली गेलं की पाकळ्या तपकिरी पडतात. म्हणजे ऑक्टोबरअखेर उमलणारी जात जगते, पण कळ्यांतच करपते. सप्टेंबरमध्ये फुलून जाणाऱ्या जाती घ्या: मिनेसोटा विद्यापीठाने इथल्या थंडीसाठी तयार केलेल्या शेवंती, शेवंतीसारख्या फुलांचं ‘पर्पल डोम’ अ‍ॅस्टर, जाड पानांचं ‘ऑटम जॉय’ सेडम. दिवाळीचा भरवसा धरू नका. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. तोवर उघड्यावरची बाग बहुधा संपलेली असते.

फुललेली कुंडी जमिनीत लावली

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बहरातल्या रोपाची ताकद फुलांत गेलेली असते, नवी मुळं फुटत नाहीत आणि जमीन गोठायला जेमतेम सहा-आठ आठवडे उरतात. कुंडी उलटी करून पाहा: पांढरी मुळं भिंतीसारखी गोल गुंडाळलेली, आत पीटचा (कुंडीत भरलेल्या कुजलेल्या शेवाळाचा) कोरडा गोळा. तो एकदा सुकला की वरून ओतलेलं पाणी बाजूने निघून जातं. लावायचंच असेल तर गोळा पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, चारही बाजूंनी सेंटिमीटरभर खोल उभे काप द्या, मुळं मोकळी करा आणि फुलं कापून टाका. जीवावर येतं, पण तेच करायचं. हे सारं ऑगस्टच्या मध्यापर्यंत उरकलं तर ठीक. खरा मुहूर्त मेचा. सप्टेंबरची कुंडी पायरीवर शोभेला ठेवा आणि तिच्याकडून पुढच्या वर्षाची अपेक्षा सोडा.

शेंडे उशिरापर्यंत खुडले

रोप 15 सेंटिमीटर झालं की पानाच्या जोडावरून वरचा 2 सेंटिमीटर शेंडा खुडायचा. खालून फांद्या फुटतात, झाड बुटकं आणि भरगच्च होतं. दर दोन-तीन आठवड्यांनी खुडा, पण 4 जुलैला हात आवरा. त्यानंतर खुडलेला प्रत्येक शेंडा बहर पुढे, म्हणजे फ्रॉस्टच्या तोंडात ढकलतो. नायट्रोजनचं खतही जुलैअखेर बंद. उंच अ‍ॅस्टरलाही हाच नियम. सेडम मधोमध फाटून लोळत असेल तर त्याला खत कमी आणि ऊन जास्त द्या.

झाड हिरवंगार, कळी मात्र नाही

दिवा बघा. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग काळोखाची रात्र लागते. पोर्चचा किंवा रस्त्याचा दिवा रात्रभर अंगावर असेल तर बहर लांबतो. झाड हलवा, नाहीतर दिवा विझवा.

हायड्रेंजियाचं दुखणं वेगळं: मोठ्या पानांच्या निळ्या-गुलाबी जातीच्या कळ्या बहुतेक जुन्या काड्यांवर असतात आणि त्या काड्या हिवाळ्यात मरतात. ‘लाइमलाइट’सारखी पॅनिकल (निमुळत्या तुऱ्यांची) जात नव्या फांदीवर फुलते, तीच घ्या.

बाग ‘साफ’ केली

शरदात काड्या बुडख्यापासून छाटू नका. उभ्या काड्यांत बर्फ अडकतो आणि तेच मुळांचं पांघरूण. 10 ते 15 सेंटिमीटर पेंढा घाला, पण जमीन गोठल्यावर. आधी घातला तर बुंधा ओलाव्याने कुजतो. चिकणमातीत वाफा 15 सेंटिमीटर उंच करा. पाणी साचलेली माती गोठत-वितळत राहते आणि रोप मुळांसकट वर उचललं जातं. मार्चमध्ये असं उचललेलं दिसलं तर हलकेच दाबून बसवा.

आणि एप्रिलमध्ये उपटायची घाई नको. मेच्या मध्याला जुन्या काडीजवळची माती बोटाने सारून पाहा. जिवंत असेल तर बुडाशी नखाएवढे हिरवे कोंब दिसतात.