जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरची कहाणी कशी पडताळावी

‘हे वेब्ली मार्क ६ एका ब्रिटिश अधिकाऱ्याने बोअर युद्धात वापरले’, असे विक्रेता सांगत असेल, तर कहाणीआधी शस्त्र तपासावे. ते रिकामे असल्याची खात्री करून चौकटीवरील (रिव्हॉल्व्हरच्या मुख्य सांगाड्यावरील) प्रकार व वर्ष वाचावे. मार्क ६ ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये स्वीकारले आणि दक्षिण आफ्रिकेतील ते युद्ध १९०२ मध्येच संपले, त्यामुळे दावा तिथेच बाद होतो. कहाणी पहिल्या महायुद्धाची असेल, तर चौकट व सिलिंडर (काडतुसे बसतात तो फिरता भाग) यांवरील क्रमांक जुळवावेत. .४५ एसीपी या अमेरिकी पिस्तुलाच्या काडतुसांसाठी सिलिंडर मागून तासलेले असल्यास किंमत उतरते. कोरलेल्या नावावर भिस्त नको, कारण ते नंतरही कोरता येते. हुद्दा, पलटण व तारखा लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील नोंदींशी ताडाव्यात. काळवंडलेला पृष्ठभाग मात्र घासून चकचकीत करू नये.