दत्तकाची वाट पाहताना रिबॉर्न बाहुली कशी वापरायची

कारा म्हणजे दत्तकाचं काम पाहणारी सरकारी संस्था, तिच्या पोर्टलवर नाव टाकून, होम स्टडी म्हणजे घरी येऊन होणारी चौकशी होऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हा मी रिबॉर्न बाहुली मागवली. म्हणजे ती हुबेहूब बाळासारखी, व्हिनाइलची, आत काचेचे मणी वगैरे भरून वजन दिलेली. सासूबाई दचकल्याच, "काऊन वं, हे डोळे उघडे ठेवून झोपते काय?" तर मागवायच्या आधी घरी सांगून ठेवा.

अगदी नवजात साइज घेऊ नका, मी घेतली अन् फसली. बाळ सरेंडर केलं, म्हणजे दत्तकासाठी सोपवलं, की जन्मदात्यांना विचार बदलायला कायद्यानं 60 दिवस असतात, त्याच्यानंतरच ते दत्तकासाठी मोकळं होतं, म्हणजे हातात येणारं बाळ दोन महिन्यांच्या वरचंच राहते. मग मी तिच्या पाठीला किलोभर तांदळाची पिशवी बांधली, काय करता.

डायपर, मानेखाली हात, आंघोळीनंतर पुसणं, हे सगळं आधी नवऱ्याकडून करून घ्या. आमच्या यांनी पहिल्या दिवशी तिला गॅसचं सिलिंडर उचलल्यासारखं उचललं होतं.

पण खरा उपयोग बोलायला आहे. दत्तक आहे हे मुलाला लहानपणापासूनच सांगायचं असते, आणि ते वाक्य तोंडातून निघत नाही हो. मी रात्री कूलरच्या आवाजात तिला सांगायची, "तू माझ्या पोटातून नाही आली, आम्ही तुला आणायला गेलो होतो." चार दिवस 'पोटातून नाही' इथंच आवाज बसायचा. रडू आलं तर रडून घ्या, बाहुली काही घाबरत नाही.

अर्धा तास झाला की आलमारीत. रात्री उठून तिला दूध पाजावंसं वाटायला लागलं किंवा कोणाच्या बारशाला जाणं टाळायला लागले, तर काउन्सेलरशी बोला, लाजू नका. आणि आपल्या नागपूरच्या उन्हात गच्चीवर ठेवू नका, रंग उडते.

रेफरल, म्हणजे बाळाचा फोटो आणि माहिती, आला की ते बाळ रिझर्व्ह करायला 48 तासच असतात. तेव्हा बाहुली नजरेसमोर नकोच, कारण त्या गोऱ्यागुलाबी चेहऱ्याची सवय झालेली असते आणि आपण नकळत फोटो ताडून पाहतो. आमच्या फोटोत सावळी, नाक वाहून राहिलेली सात महिन्यांची पोट्टी होती. बाहुलीचं एकही झबलं तिला आलं नाही, सासूबाईंनी त्याचे पोछे केले.