डेल्स वे: पबच्या वेळा सांभाळत सहा दिवसांची चाल

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरातलं इल्कली ते लेक डिस्ट्रिक्टमधलं बोनेस, ही डेल्स वे नावाची सुमारे १३० किलोमीटरची पायवाट. पहिले अडीच-तीन दिवस ती वार्फ नदीच्या काठाने वर चढत जाते, मग पाणलोटाची धार ओलांडते आणि डेंट, सेडबर्ग या बाजूने खाली उतरते. सह्याद्रीत फिरलेल्यांना इथला चढ किरकोळ वाटेल. अख्ख्या वाटेवरचा सर्वात उंच टप्पा, कॅम फेल या डोंगरावरचा, जेमतेम ५२० मीटरच्या आसपास आहे. त्रास होतो तो अंतराचा, चिखलाचा आणि भुकेचा. त्यातली भूक पूर्णपणे नियोजनाच्या हातात असते, म्हणून आधी तिचं बोलू.

खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दिवसभर चालू नसतं. बहुतेक ठिकाणी दुपारी १२ ते २ किंवा २.३० आणि संध्याकाळी ६ ते ८.३० एवढीच जेवणाची वेळ. बार रात्री अकरापर्यंत उघडा दिसला तरी ८.४० ला पोचणाऱ्याला वेफर्सच्या पाकिटावर भागवावं लागतं. रविवारी दुपारी रोस्टची, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणाची, झुंबड असते आणि त्यानंतर संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी चूल बंद. सोमवारी, कुठे कुठे मंगळवारीसुद्धा, छोटे पब पूर्ण सुट्टी घेतात. म्हणून चालायचे टप्पे आखताना अंतरापासून सुरुवात करू नका. रात्रीचं जेवण कुठे आणि किती वाजेपर्यंत मिळेल ते आधी ठरवा, आणि तिथून उलटं मोजत सकाळी निघायच्या वेळेपर्यंत या.

निघायचा वार सोमवार ठेवा. शनिवारी एकाच रात्रीची खोली द्यायला बरेच इन, म्हणजे राहायची सोय असलेले पब, तयार नसतात, दोन रात्री घ्या म्हणतात. सोमवारी निघालं की शनिवारी दुपारी चाल संपते, त्यामुळे शनिवारची रात्र आणि रविवारची बंद चूल दोन्ही टळतात. सोमवारच्या मुक्कामाला मात्र खोल्या देणारा इनच धरा, आणि त्या रात्री जेवण मिळणार का हे खोली ठरवतानाच विचारा. खोली आहे म्हणजे जेवण आहेच, असं समजू नका. खोलीबरोबर जेवणाचं टेबलही तेव्हाच राखून ठेवा. मे ते सप्टेंबर हा चांगला काळ. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. बँक हॉलिडेचे, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचे, आठवडे टाळा.

टप्पे साधारण असे पडतात: इल्कली ते बर्न्सल २२ किमी, बर्न्सल ते बकडन २२, बकडन ते काउगिल २७, काउगिल ते सेडबर्ग १७, सेडबर्ग ते बर्नसाइड २६ आणि बर्नसाइड ते बोनेस १५. पाठीवर सॅक घेऊन, कुंपणं ओलांडत, ताशी ४ किमी धरा. वर दर ६०० मीटर चढाला एक तास, आणि जेवण-विश्रांतीला दीड तास. तिसऱ्या दिवशी हे गणित नऊ तासांच्या आसपास जातं. नऊला निघालात तर सहाला पोचाल. दहाला निघालात आणि दोनदा वाट चुकलात, तर ८.३० ची चूल हुकलीच म्हणून समजा. न्याहरी सहसा आठला सुरू होते. त्या दिवशी लवकर देता का हे आदल्या संध्याकाळी विचारा, आणि दुपारची शिदोरीही तेव्हाच सांगून ठेवा. सकाळी आयत्या वेळी मागितली तर नाही म्हणतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

पहिला दिवस इल्कलीच्या जुन्या दगडी पुलापासून सुरू होतो. लीड्सहून इल्कलीला रेल्वेने अर्धा तास लागतो. बोल्टन ॲबीच्या मठाच्या अवशेषांनंतर नदीकाठी कॅव्हेंडिश पॅव्हिलियन हे उपाहारगृह लागतं, दुपारचं तिथे उरका. पुढच्या जंगलात स्ट्रिड आहे. अख्खी वार्फ नदी इथे उडी मारून पार होईल असं वाटण्याइतक्या अरुंद खडकांतून जाते. तशी उडी मारू नका. कडेचा खडक शेवाळाने निसरडा असतो, पाणी अतिशय खोल आहे आणि खडक आतून पोखरलेला असल्यामुळे पडलेला माणूस खाली ओढला जातो. इथे बळी गेलेले आहेत. फोटोसाठीही कडेला जाऊ नका. बर्न्सलला पुलाशेजारीच रेड लायन हा पब आहे. त्याआधी ॲपलट्रीविकला दोन पब आहेत, पण त्यांच्यासाठी वाट सोडून वर गावात जावं लागतं.

दुसरा दिवस सर्वात सोपा आणि पबच्या दृष्टीने सर्वात श्रीमंत. नऊला निघालात तर ग्रासिंग्टनवरून साधारण एकपर्यंत केटलवेलला पोचता, म्हणजे बरोबर जेवणाच्या वेळेत. एवढ्याशा गावात तीन पब आहेत. ग्रासिंग्टननंतर वाट नदी सोडून चुनखडीच्या माळावर चढते. तिथे सावली नाही आणि पाणीही नाही.

बकडनच्या पुढे दोन किलोमीटरवर हबरहोमचा जॉर्ज इन आहे. जुनी फरशी, जाड भिंती, शेजारी चर्च. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या सोमवारी इथे गावच्या कुरणाचा लिलाव होतो. मेणबत्ती पेटवतात, आणि ती विझेपर्यंत शेवटची बोली ज्याची, त्याला कुरण मिळतं. अडचण अशी की तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिथून जाल तेव्हा पब बंद असतो. म्हणून बकडनला सॅक टाकून आदल्या संध्याकाळीच तिकडे चालत जा आणि परत या. त्या दिवशी उघडा आहे का, हे आधी फोन करून विचारा. सकाळी जाताना चर्चमध्ये डोकवा. बाकांवर कोरलेले छोटे उंदीर ही रॉबर्ट थॉम्प्सन या सुताराची खूण आहे.

हबरहोमनंतर काउगिलपर्यंत ना दुकान, ना पब. दीड-दोन लिटर पाणी आणि दुपारचं पूर्ण जेवण सॅकमध्ये हवंच. कॅम फेलच्या धारेवर वारा आणि धुकं दोन्ही असतं आणि मोबाइलला रेंज नसते. पावसाळी दिवशी पायाखालची जमीन स्पंजासारखी पाणी धरून असते. हवामान फारच बिघडलं तर धार उतरून गिअरस्टोन्सच्या डांबरी रस्त्याने रिबलहेडकडे वळा. तिथे स्टेशन आहे आणि स्टेशनला लागूनच स्टेशन इन. २४ कमानींचा तो प्रसिद्ध रेल्वे पूलही तिथेच. डेंट स्टेशन मात्र डेंट गावात नाही, सहा-सात किलोमीटर दूर आणि चांगलंच चढावर आहे. नाव वाचून फसू नका. पाचव्या दिवशीही सेडबर्ग ते बर्नसाइड वाटेवर खाण्यापिण्याची सोय धरू नका. शिवाय त्या दिवशी एम ६ महामार्ग ओलांडल्यावर लहान लहान शेतांतून वाट सारखी वळते आणि चालणारे तिथेच सर्वात जास्त चुकतात.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा, १:२५,००० चा घ्या. पूर्ण वाटेला एक्सप्लोरर २९७, ओएल २, ओएल ३०, ओएल १९ आणि ओएल ७ या क्रमांकांचे नकाशे लागतात. इतके कागद नको असतील तर हार्वे कंपनीचा डेल्स वेचा एकच लांब नकाशा पुरतो. फोनवरचं ॲप चालेल, पण नकाशे आधी उतरवून ठेवा आणि पॉवर बँक घ्या. वाटेवर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जायची वाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलीही.

वाट खाजगी शेतांतून जाते. त्यावरून चालायचा हक्क कायद्याने आहे, पण तो वाटेपुरताच. शेतांच्या भिंती कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुन्याशिवाय रचलेल्या असतात. त्यांच्यावर चढलं की दगड ढासळतात. ओलांडायला दगडी पायऱ्या किंवा फाटक शोधा, ते असतंच. फाटक जसं सापडलं तसं ठेवा. वासरांसह गाई दिसल्या तर लांबून वळसा घाला. बरोबर कुत्रा असेल आणि गाय अंगावर आली तर त्याचा पट्टा सोडून द्या. गाय कुत्र्यामागे जाते आणि दोघेही सुटतात. देवळात किंवा गुहेत पथारी टाकायची आपली सवय इथे चालत नाही. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही.

इनमध्ये राहणार असाल तर सॅक सहा-सात किलोच्या वर जाऊ देऊ नका. पावसाचं जाकीट आणि पँट, तीन जोड लोकरी मोजे, पायात मुरलेले बूट, संध्याकाळसाठी हलकी चप्पल आणि एक सुकी पँट. जीन्स नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही. टाचेला चुरचुर जाणवली की तिथेच थांबून टेप लावा. पुढच्या फाटकापर्यंत बघू म्हणालात की फोड आलाच.

आता पबची रीत. चिखलाचे बूट दाराशी काढा, मोज्यांवर आत गेलात तरी कोणी काही म्हणत नाही. टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, कोणी येत नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवून बारवर जा, तिथेच सांगा आणि तिथेच पैसे द्या. रांग दिसत नसली तरी असते. आपल्या आधी कोण आलं हे सगळ्यांच्या लक्षात असतं, नोट हलवून लक्ष वेधणं असभ्य समजतात. बारवरच्या पेयाला टिप द्यायची पद्धत नाही. चौघं असाल तर एकेकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी आणायचं. आपली पाळी आल्यावर गप्प बसणारा लगेच नजरेत येतो.

हाताने ओढायच्या लाकडी दांड्यांच्या पंपातून येते ती कास्क एल, म्हणजे पिंपातली पारंपरिक बिअर. ती ११ ते १३ अंशांवर देतात, म्हणजे ना गरम ना बर्फगार. तीच तिची योग्य चव आहे. पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. चालताना दुपारी अर्धाच पिंट घ्या, उरलेली तहान पाण्याने भागवा. बिटर नावाची किंचित कडवट एल, ३.५ ते ४.३ टक्के अल्कोहोलची, या चालीला बरी. टिमथी टेलरची लँडलॉर्ड किंवा थीकस्टनची बिटर या भागात हमखास दिसते. निवड होत नसेल तर चाखायला घोटभर मागा, देतात. एल आंबट लागली तर ती खराब झालेली आहे. शांतपणे परत द्या, बदलून मिळते. घंटा वाजली की शेवटची ऑर्डर.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट नक्की विचारावी: चिप्स (इथे म्हणजे बटाट्याच्या जाड फ्राइज) कशात तळता? यॉर्कशरात गाईच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे आणि पाटीवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. यॉर्कशर पुडिंग या पिठाच्या भाजलेल्या, गोड नसलेल्या पदार्थात अंडं असतंच, वर तेही पुष्कळदा त्याच चरबीत भाजतात. ग्रेव्ही मटणाच्या अर्काची असू शकते. खोली घेतानाच शाकाहारी असल्याचं कळवा, नाहीतर पाचही रात्री चीजचा तोच पदार्थ पुढे येईल. थोडा लोणच्याचा मसाला बरोबर असू द्या.

अपघात झाला तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक.

शेवटच्या दिवशी बोनेसच्या वर टेकडीवर दगडी बाक आहे, वाट अधिकृतपणे तिथे संपते. खाली तळ्याकाठी पब भरपूर, पण शनिवारी दुपारी पर्यटकांची गर्दी असते. विंडरमियर स्टेशन बोनेसपासून अडीच किलोमीटर चढावर आहे, ५९९ नंबरची बस तिकडे जाते. पुढे ऑक्सनहोमला गाडी बदलून लंडनला जाता येतं.